जोडखुर्चीतली दुसरी जागा

कोल्हापूर, सोमवार

दोस्तांतले दोस्त श्री. कृष्णातराव, मुक्काम गडमुडशिंगी, यांना विजयसिंहाचा जिव्हाळ्याचा रामराम पोचावा.

तुझा गुडघा आता वळत असेल, म्हैस लाथ न मारता दूध देत असेल आणि सूनबाईंनी तंबाखूची डबी परत लपवली नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त संयोगिता घरात नाही. काल तू ‘वैनी दिसत न्हाईत?’ असं विचारलंस आणि मी बहिणीला बरं नसल्याचं ठोकून दिलं. तिची बहीण ठणठणीत आहे (पन्हाळ्यावर राहते, रोज तटावरून फेरी मारते). संयोगिता रागावून तिच्याकडे गेली आहे आणि कधी परत येणार, ते आपण रोज जिच्यावर बसतो त्या जोडखुर्चीवर अवलंबून आहे. तुला तोंडावर सांगायला हवं होतं, पण त्या खुर्चीत दोन तोंडं इतकी जवळ येतात की खरं बोलायचा धीरच होत नाही. फोनवर सांगावं, तर तू फोन स्पीकरवर टाकून गोठ्यात हिंडतोस आणि अख्खी गल्ली ऐकते. म्हणून हे पत्र.

आता मुळापासून सांगतो. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो होतो. येताना वाटेत धनपालशेठचं जुन्या फर्निचरचं दुकान लागलं, आणि तिथं ही बया धूळ खात उभी. शिसवी लाकूड, वेताचं विणकाम, बैठका दोन. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, आणि मान जरा वळवली की थेट समोरासमोर. धनपालशेठ म्हणाले, “ह्येला लव्हसीट म्हणत्यात सायेब. जुन्या काळी नवरा-बायकू बसायची हेच्यावर, गप्पा मारत.” (या वयात तो शब्द ऐकून मी आधी रस्त्याकडे कुणी बघतंय का ते पाहिलं. गल्लीत मी तिला जोडखुर्चीच म्हणतो.) संयोगिता नुसता वेतावरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “आपल्या घरात आपण कधी असं शेजारी बसलोय व्हय? आधी सोप्यात मामंजी असायचे, मग तुमचं पावणं.” कृष्णात, मला एकदम कसंतरीच झालं. एवढी वर्षं ही बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभी राहून आमच्या गप्पा ऐकत आली, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिथल्या तिथं खुर्ची घेतली.

घ्यायला काय, घेतली; ती घरात शिरेना. आडवी केली, उभी केली, उलटी केली. टेम्पोवाला आत अडकला, मी बाहेर, आणि मधे खुर्ची. सगळी गल्ली सल्ला द्यायला हजर. शेजारचा सम्राट विचारतो, “काका, ह्ये भांडण झाल्यावर बसायसाठी हाय काय?” शेवटी दाराची चौकट काढावी लागली (ती अजून दोरीनंच बांधलेली आहे, तू जपून आत येतोस म्हणून निभावलं). मग ठेवायची कुठं? टीव्हीसमोर ठेवली, तर एकाला मालिका दिसते आणि दुसऱ्याला भिंत, आणि भिंतवाला सारखा विचारतो, ‘आता काय झालं?’ खिडकीशी ठेवली, तर एकाला वारा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत ऊन. देवघराजवळ ठेवली, तर एकाची कायम देवाकडे पाठ. म्हणून ती खोलीच्या मधोमध आली, आणि आम्ही तिला दिवसभर प्रदक्षिणा घालतो.

खरा घोटाळा पुढे आहे. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आला तरी नारळ फोडल्याशिवाय कुणी वर बसत नाही. वाढदिवसाच्या सकाळी संयोगितानं ठेवणीतली इरकल नेसली, खुर्चीला हळदकुंकू लावलं, हार घातला. मी नारळ फोडला. आता दोघांनी बसायचं, एवढ्यात दारात तू! दारात आलेल्याला घरातली चांगली जागा द्यायची, हे आपल्याला आईच्या दुधातूनच मिळालेलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, “या या पावणं, बसा!” तू बसलास. तू बसल्यावर मी कसा उभा राहू? मीही बसलो. संयोगिता हातात खोबरं घेऊन उभी, आणि वर तू तिलाच म्हणतोस, “वैनी, दोस्तांसाठीच केलीया की ओ ही खुर्ची!”

तेव्हापासून ती जागा तुझी झाली. तू नसलास तरी तिथं कुणी बसत नाही. एकदा मी तिला बस म्हणणारच होतो, पण त्याच वेळी तुझ्या मोटरसायकलचा आवाज आला. परवा तिनं पिशवी भरली आणि बांधलेल्या चौकटीत उभी राहून म्हणाली, “बायकोसाठी म्हणून आणलासा आन् बसवलासा दोस्ताला. बसा आता जोडीनं! मला कुणी बस म्हटलं, की मग येतो.” आणि एसटी पकडली.

काल तू गेल्यावर मी खुर्चीत एकटाच बसून राहिलो. मान वळवली की रिकामी बैठक दिसते. फार वाईट वाटलं रे. तुझ्यापाशी लाज कसली?

सूनबाईंना आशीर्वाद, म्हशीला थोपट.

तुझा,
विजयसिंह

ता. क. एवढं लांबण लावलं ते एवढ्यासाठी, की इथून पुढं आलास की समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बस. तुझ्यासाठी नवी आणली आहे, हात असलेली. गुडघ्याला तीच बरी (हे माझं मत, डॉक्टरचं नव्हे). एवढं माझ्यासाठी कर.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करण्याआधी शाबासकी मिळेल म्हणून संयोगिताला फोनवर हे पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, “भावजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतासा? त्येंची बायकू वारल्यापास्नं, पोरं कामाला गेली की त्या माणसाला बोलायला म्हैस तेवढी हाय! सकाळी त्येंनाच बसू दे तिथं. माझी संध्याकाळ. आन् मला बस म्हणायचं सोडून दोस्ताला कसलं पत्र लिवत बसलासा?” मी म्हटलं, ‘ये, आल्या आल्या बस म्हणतो.’ ती उद्या सकाळच्या एसटीनं येते आहे.

तेव्हा वरची ता. क. खोडली असं समज. सकाळची जागा तुझीच. फक्त उद्या येऊ नकोस (म्हणूनच पत्र टपालात न टाकता सम्राटच्या हाती आजच धाडतो आहे). उद्या मला बायकोला ‘बस’ म्हणायचं आहे, आणि तू दारात दिसलास की ते माझ्या तोंडून तुलाच निघून जाईल.