पिवळा ठिपका

४ मार्च
दूध बंद! माझ्या नऊ दिवसांच्या नातीला, चिमणीला, आईचं दूध द्यायचं नाही म्हणे. टाचेतून घेतलेल्या रक्तात ल्युसिन हे अमिनो आम्ल भलतंच वाढलंय. खरं असेल तर मेंदूवर बेततं. लेक भिंतीकडे तोंड करून निजलीय. "आई, तू जन्मभर हेच मोजलंस ना? मग सांग की काहीतरी!"

पण पोरगी तर ठणठणीत रडते, पाय झाडते. आजारी बाळ असं नसतं.

५ मार्च
दात घासता घासता सुचलं! नवं यंत्र रेणूंचं नुसतं वजन करतं. हायड्रॉक्सीप्रोलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं वजनही ल्युसिनइतकंच — आणि ते वाढलं तरी सहसा काही बिघडत नाही! आमच्या जुन्या पद्धतीत मात्र रक्तातले घटक कागदावर वेगळे करायचे; रसायनाचा फवारा मारून तापवलं की ल्युसिनचा ठिपका जांभळा, हायड्रॉक्सीप्रोलिनचा पिवळा.

तडक जुन्या प्रयोगशाळेत. प्रमुख माझीच विद्यार्थिनी. "बाई, कागद? आता संग्रहालयात मिळेल!" हसली, पण कपाटाची किल्ली दिली. "मोठ्या तपासणीला चार दिवस लागतील. तोवर करा तुमची चित्रकला."

चिमणीच्या रक्ताचा थेंब कागदावर टेकवला, कागद टांगायला काचेची टाकी उघडली. तोच आंबट वास! कॉन्व्हेंट शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर आठवल्या — बाहीवर आम्लाची भोकं. "गर्ल्स, डोळे उघडे!"

६ मार्च
कागद वाळतोय. दर तासाला जाऊन बघते.

७ मार्च
पिवळा!! भट्टीत एकेक जांभळा ठिपका उमलत गेला आणि मध्येच — पिवळा! शेजारच्या शुद्ध हायड्रॉक्सीप्रोलिनच्या नमुन्याच्या अगदी रांगेत. ल्युसिन बिचारं जेवढ्यास तेवढं. विद्यार्थिनी नुसती "बाई!" म्हणाली आणि गळ्यात पडली. हातमोजे विसरले, फवाऱ्याने बोटं जांभळी झालीत. होऊ देत!

९ मार्च
मोठी तपासणीही तेच म्हणते. दूध सुरू! चिमणी गटागटा पितेय. डॉक्टर म्हणाले, "सहसा काही होत नाही, आजी. घरच्या सगळ्यांचं रक्त द्या, बघू."
लेक त्या एका शब्दावर अडलीय. "सहसा म्हणजे काय गं? मोठी झाल्यावर काही झालं तर?"


१२ मार्च
घरच्यांचा कागद आज तापवला. लेक, जावई — सगळं जांभळं. माझा — पिवळा. चाळीस वर्षं लोकांचं रक्त मोजलं, स्वतःचं एकदाही नाही! लेकीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मोठी झाल्यावर काय होतं विचारत होतीस ना? बासष्ट वर्षांची होते. बघ."