एका एकरात दोनशे चाळीस उंदीर

कोल्हापूर, ८ डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप आकाराममामांना,

अनुजाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला बिद्रीच्या थंडीत गुण्यागोविंदानं नांदत असतील, अशी आशा करते. मी खुशाल आहे, फक्त माझं एमएस्सीचं वर्ष सध्या उंदरांच्या हातात आहे.

(उंदीर मोजणं हा अभ्यास कसला, असं तुम्ही दिवाळीतही विचारलंत, म्हणून पुन्हा सांगते.) माळावर वीस पिंजरे लावायचे, आत शेंगदाण्याचं कूट. सापडतील त्यांच्या पाठीवरचे चार केस कातरून त्यांना तिथंच सोडायचं. आठवड्यानं पुन्हा पिंजरे लावायचे आणि सापडलेल्यांत कातरलेले किती ते बघायचं. ते जितके कमी, तितकी माळावर वस्ती जास्त. गारगोटीजवळ धोंडुबाईंचा एकरभर माळ आहे. तिथं पहिल्या खेपेला बारा मिळाले (एक चावला, पण त्याची बाजू मला पटते). दुसऱ्या खेपेला मला ताप भरला, तेव्हा पिंजरे लावायचं आणि गोळा करायचं काम धोंडुबाईंनी अंगावर घेतलं. सकाळी त्यांच्या अंगणात बघते तर वीसच्या वीस पिंजरे भरलेले, आणि कातरलेला फक्त एक! हिशेबानं एकरात दोनशे चाळीस उंदीर! एक नमुना ठेवून बाकीचे मी आनंदानं माळावर सोडले आणि नमुना मांडीवर घेऊन एसटीनं सरांकडे गेले. (शेजारची बाई राधानगरी फाट्यापर्यंत उभ्यानं आली.) सरांनी चष्मा पुसून उंदराच्या मिशा बघितल्या आणि विचारलं, "माळावर पिठाची गिरणी कधी झाली?"

तशीच परत फिरले. धोंडुबाईंना काही लपवायचंच नव्हतं. "चार पिंजऱ्यांत तुजं उंदीर हुतं. बाकीचं रिकामं. लेकीबाळीला रिकामं भांडं परत देतंय व्हय कोण? बाळासोच्या गिरणीतनं भरलं. समदी गल्ली पळाली की तुज्यासाठनं!" मामा, मला खूप रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले. माझ्या अभ्यासासाठी आजवर कुणी पळालं नव्हतं. सरही पोट धरून हसले आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तेवढ्यात मोजणी झाली तर वर्ष वाचतं, आणि ते वाचेल असं मला मनापासून वाटतं.

तुमची भाची,
अनुजा

ता. क. धोंडुबाईंच्या माळावर आता गिरणीचे उंदीर नांदताहेत, तो बाद झाला. विहिरीपलीकडचा तुमचा पडीक तुकडा पंधरा दिवस द्याल का? पत्र लिहिलं ते खरं यासाठीच.

ता. क. २. मामींना पिंजऱ्यांपासून लांब ठेवा. माझा डबा त्यांनी आजवर एकदाही रिकामा परत केलेला नाही.

ता. क. ३. सोमवारच्या एसटीनं येते. झालेली चूक भरून काढायची म्हणून धोंडुबाईही सोबत येताहेत. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. पहिल्यांदाच तुमच्या घरी यायचं, तर मोकळ्या हातानं कसं यायचं, असं त्या कालपासून म्हणताहेत.