हाव रं

अण्णा, तुमच्या स्क्वाड्रनचा इतिहास छापतायत. छपाईआधीची प्रत काल कुरिअरने लातूरच्या घरी आली आणि तिच्या एका पानावर माझं अक्षर आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं, कॉन्व्हेंटमधलं, उजवीकडे कललेलं. खाली छापलंय की हे तुमच्या हातचं पत्र, आणि एका साध्या हवाई सैनिकाचं इंग्रजी किती नेटकं होतं याचं कौतुकही केलंय. तुम्ही इंग्रजीत फक्त सही करायचात, तीही अशी की शेवटचं अक्षर कागदाबाहेर पडेल. मी पान मिटलं, चहा केला, तो पिण्याआधी पान पुन्हा उघडलं. सही तुमचीच आहे. बाकी सगळं माझं.

पुस्तक करणारे गृहस्थ निवृत्त वैमानिक आहेत. तुम्ही स्क्वाड्रन सोडल्यावर कितीतरी वर्षांनी ते तिथे आले. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. फोनवर ते दर वाक्याला मॅडम म्हणतात आणि माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. सोमवारपर्यंत तुमचं पान बघून कळवा म्हणाले. मी आयुष्यभर लातूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, त्यामुळे एक पान बघून थांबणं मला जमत नाही. सगळं वाचलं. लाल पेनने वाचलं.

इतिहास तसा बरा आहे. रशियातून पेट्यांत बंद होऊन आलेली पहिली हेलिकॉप्टरं, त्यांच्या रशियन भाषेतल्या पुस्तिका, त्या कळेपर्यंत झालेले हाल. मग बर्फातल्या चौक्या. जिथे रस्ता नाही तिथे पीठ, रॉकेल, टपाल पोहोचवायचं आणि परतताना आजारी जवान आणायचे. लढाई, पूर, तळ हलवणं, जुनी हेलिकॉप्टरं मोडीत निघणं आणि नवी येणं. कोणी चालवलं ते नावानिशी आहे. हातमोजे काढून त्या थंडीत नटबोल्ट कोणी आवळले ते ‘तांत्रिक कर्मचाऱ्यांचं मोलाचं सहकार्य’ एवढ्यात उरकलंय. एक ग्रुप फोटो आहे. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं दिली आहेत आणि मागे उभे आहेत ते ‘इतर’. तुम्ही इतरांत, डावीकडून सातवे. कानांवरून ओळखले. या सबंध पुस्तकात खुर्चीवर न बसलेल्या एकाच माणसाला आख्खं पान मिळालंय आणि तो माणूस तुम्ही आहात. त्या पानावर लिहिलंय ते घडलेलं नाही, आणि हे सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

पानावर असं आहे. उंचावरची एक चौकी. हेलिकॉप्टर टेकवायला जागा नाही, म्हणून एक चाक कड्याच्या काठाला लावून वैमानिकाने ते हवेत धरलंय. तुम्ही दारात पोटावर पडून खालचं सगळं त्याला कानात सांगताय, कारण त्याला चाकाखालचं दिसत नाही. पाय बर्फाने गेलेले सहा जवान आत घ्यायचे आहेत. वैमानिक निघणार एवढ्यात तुमचा आवाज येतो, “हॉवर.” म्हणजे आहे तिथेच तरंगत थांबा. तो थांबतो. सहावा जवान मागे राहिलेला असतो, तुम्ही त्याला कमरपट्ट्याला धरून आत ओढता. मग मथळा, प्रसंगावधान. मग तुम्हाला मिळालेलं ते प्रशस्तिपत्र, जे आईने नांदेडच्या घरात भिंतीवर लावलं आणि तुम्ही काढून ट्रंकेत ठेवलंत. आईने पुन्हा लावलं, तुम्ही पुन्हा काढलंत. शेवटी खिळाच उपटलात.

मला त्याच सुमाराची एक संध्याकाळ आठवते. तुम्ही रजेवर आला आहात, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवताय. आई विचारते, अभ्यास झाला का गं? मी म्हणते, हाव. तुमचा हात ताटातच थांबतो.

“तो शब्द तोंडातून काढू नको. होय म्हण, न्हाईतर यस म्हण. कॉन्व्हेंटात कशाला घातलं तुला?”

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मी खूश झाले. शाळेत सिस्टर आमच्या असल्या शब्दांना नाक मुरडायच्या. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस सुधारायला लागला. तेव्हापासून मी आईचं बोलणंही दुरुस्त करायला लागले. तिने एकदा लाटणं दाखवलं, तेव्हा थांबले.

आणि तुमचं ते मोजणं. मुखेडला आजीकडे जाताना एसटीत बसलो की तुम्ही माणसं मोजायचात. मधल्या प्रत्येक थांब्यावर पुन्हा. बोट लावून, आई, मी, तुम्ही. आई म्हणायची, आपण तिघंच आहोत, चौथं कुठून आणू? बाया पदराआड हसायच्या. मी खिडकीबाहेर बघत बसायची, जणू मी या लोकांबरोबर नाहीच.

मी दहावीत गेले त्या वर्षी तुम्ही नोकरी संपवून कायमचे घरी आलात, आणि काही महिन्यांनी एक सरदारजी आले. नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आले होते, तिथून पत्ता विचारत थेट आपल्या दारात. चालताना झोक जायचा, दोन्ही पायांची बोटं गेलेली. तुम्ही खाटेवर बसला होतात. त्यांनी वाकून तुमचे पाय धरायला हात पुढे केला आणि तुम्ही पाय झटकन खाटेखाली ओढून घेतलेत. ते खळखळून हसले.

“आपके पैर तो पूरे हैं जी, छुपाते क्यों हो?”

आईने भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी वाढली. ते पोटभर जेवले, तिखटाने डोळे पुसत जेवले, आणि दर घासाला सांगत राहिले की आपने हॉवर न बोला होता तो मैं वहीं रह जाता. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. जाताना तुम्हाला लोकरीचा मफलर दिला. नांदेडच्या उन्हाळ्यात मफलर! तुम्ही तो मांडीवर धरून बसलात. तुमच्या ताटातली भाकरी तशीच होती, आणि मी बघत होते, तुम्ही त्या माणसाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

ते गेले आणि तुम्ही मला म्हणालात, वही आण, साहेबाला इंग्रजीत पत्र लिहायचंय. साहेब म्हणजे त्या दिवशीचे वैमानिक. मी जमिनीवर बसले, आई भांडी घासत होती, आणि तुम्ही छताकडे बघत सांगायला लागलात. मी आजही ते शब्दाला शब्द सांगू शकते. आत आपल्या मुखेडकडचाच एक फिटर होता, म्हणालात. त्याच्याशी तुम्ही गावच्याच भाषेत बोलायचात. तो आतून ओरडला, सगळे आले का रं? तुम्ही मान वळवून बघितलं. घोंगड्यांत गुंडाळलेले सहा. तुम्ही म्हणालात, हाव रं. माईकचं बटन दाबलेलंच राहिलं होतं.

“सहावं घोंगडं माणसाचं नव्हतं. बिस्तरा होता गुंडाळलेला. साहेबाला हाव रं ऐकूच गेलं न्हाई, हॉवर गेलं. मला वाटलं, साहेब कामून थांबले? म्हणून खाली बघितलं. तर तो गुडघ्यावर येऊन राहिला होता.”

आईचा भांड्यांवरचा हात थांबला होता.

“मी थांबा म्हणलो न्हाई. सगळे आले म्हणलो. साहेबाला माझं बोलणं नीट कळलं असतं तर तो माणूस तिथंच मेला असता. अन् तो माझ्या पाया पडून राहिला. लिही माय.”

मी विचारलं, ‘हाव रं’ इंग्रजीत कसं लिहू?

“तसंच लिही. तसं लिहिल्याबिगर कसं कळंल त्यांना?”

तुम्ही एरवी मला बाळ म्हणायचात. माय त्या एकाच दिवशी म्हणालात.

ते पत्र आता माझ्यासमोर छापलेलं आहे. त्यात लिहिलंय, मी ‘यस’ म्हणालो होतो, तुम्ही ‘हॉवर’ ऐकलंत, चूक माझी होती. ‘यस’च्या आजूबाजूला जागा जरा जास्तच सुटली आहे. शेजारी साहेबांचं उत्तरही छापलंय, त्यांनी ठेवलेल्या प्रतीवरून. ते लिहितात, ‘यस’ आणि ‘हॉवर’ यांतला फरक मला चांगला कळतो, तुमचा आवाज मी स्पष्ट ऐकला होता, तुमच्याबद्दल ऐकलं होतं त्याहून तुम्ही नम्र निघालात. त्यांचा तरी काय दोष? ‘यस’चं ‘हॉवर’ कुणाच्या कानात होईल? इतिहासकारांनी त्याखाली आणखी एक ओळ जोडली आहे, की श्रेय नाकारण्याची ही वृत्ती आज दुर्मीळ झाली आहे. मी त्या ओळीवर लाल काट मारली, पेनाचं टोक कागदात घुसेपर्यंत.

साहेबांचं उत्तर आलं तेव्हा तुम्ही मला ते वाचायला लावलंत. मी मनातल्या मनात वाचलं. तुम्ही विचारलंत, कळलं का त्यांना? मी म्हणाले, होय, कळलं, रागावलेले नाहीत. तुम्ही म्हणालात, मग बरं. त्या दिवशी जेवलात. पुढे लातूरला डाळमिलमध्ये लागलात, तिथे पट्ट्यांच्या त्या घरघराटात मशिनवर तळहात ठेवून कुठलं बेअरिंग बिघडलंय ते सांगायचात. भूकंपाच्या वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टरं गेली तर गच्चीवर उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत मोजत होतात. पण ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीत. तुमच्या लेखी ती सांगून झाली होती.

म्हणून आज सकाळी मी फोन केला. रागाने केला, आणि राग कुणावर आहे ते फोन लागेपर्यंत मला नीट ठरवता आलं नव्हतं. इतिहासकारांना सांगितलं, पान चुकीचं आहे. त्यांना वाटलं तारीख चुकली. मी सगळं सांगितलं, बिस्तऱ्यासकट. ‘हाव रं’ दोनदा म्हणून दाखवलं, इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून ते बरं निघालं. पलीकडून ते हसायला लागले. म्हणाले, मॅडम, ही तर जास्तच चांगली स्टोरी आहे, चौकटीत टाकू, गमतीदार किस्सा म्हणून. मी म्हणाले, एका माणसाने ही गंमत मरेपर्यंत उरात बाळगली, चौकट तुमच्या स्वतःच्या टेकऑफच्या किश्शांना ठेवा. मग ते जरा वरमले. म्हणाले, हे असंच छापलं तर वडिलांचं प्रसंगावधान उरत नाही, मोजण्यातली चूक उरते. पान ठेवावं का तेच बघावं लागेल. तुमचा आग्रह नसेल तर आहे तसं जाऊ दे.

अण्णा, मी तुमचं पान पुन्हा उघडलं. ते एकच पान आहे. डावीकडून सातवे, इतर, आणि ते एक पान. गप्प बसले असते तर ते राहिलं असतं, आणि सरदारजींच्या नातवंडांनी तुमचं नाव वाचून पुस्तकाला हात लावून नमस्कार केला असता. पण तुम्ही पाय खाटेखाली ओढलेत ते मला दिसत होतं. मी म्हणाले, खरं ते छापा, नाहीतर पान काढा. तुम्ही सांगितलेलं सगळं आज दुपारी लिहून पाठवलं. ‘हाव रं’ देवनागरीत लिहिलं, इंग्रजी अक्षरांतही लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की चूक कळल्यावर याच माणसाने हात पुढे करून त्याला आत ओढलं, तेही खरं आहे. छापतील की काढतील, माहीत नाही. सोमवारी कळवतो म्हणाले.

सकाळी फोन ठेवण्याआधी त्यांनी साधाच प्रश्न विचारला. मग पत्रात ‘यस’ कसं आलं? मी म्हणाले, पत्र लिहिणाऱ्याची चूक. शाळकरी मुलगी होती.

ती चूक नव्हती, अण्णा. मी आधी तसंच लिहिलं होतं, ‘हाव रं’, आणि लिहिता लिहिताच मला त्यातला ‘हॉवर’ ऐकू आला होता. तुम्ही काय सांगताय ते मला सगळं कळलं होतं. पण पोस्टात टाकण्याआधी ते पत्र मला सिस्टरना तपासायला द्यायचं होतं. म्हणून मी ते शब्द रबराने खोडले आणि त्या जागी ‘यस’ लिहिलं. तुम्ही विचारलंत, तसंच लिहिलं ना? मी म्हणाले, होय. अगदी शुद्ध.