दशरथकाकांच्या आडव्या रेघा

सोमवार, ४ जून २०१२
अकोल्याची मी, मैत्री, अखेर पुण्यात नोकरीला लागले! बिबवेवाडीत खोलीही मिळाली. घरमालकीण कौशल्याबाईंनी किल्ली देताना विचारलं, तुमच्याकडे पाहुणे फार येतात, की तुम्हीच फार जाता? मी हसले, त्या हसल्या नाहीत. आमची कंपनी केळी पिकवायच्या गॅसच्या खोल्या बांधते. मार्केट यार्डात अशा बऱ्याच आहेत. त्या कशा चालवायच्या हे सांगणाऱ्या जुन्या वर्ड फाइल्स नीटनेटक्या करून नॉलेज बेसवर, म्हणजे ऑपरेटर बघतात त्या कंपनीच्या साइटवर, चढवायच्या आणि ऑपरेटरांच्या फोनना उत्तरं द्यायची, हे माझं काम. पसारा आवरणं मला जन्मजात आवडतं.

शुक्रवार, ८ जून
फाइल्स म्हणजे लग्नघरातलं स्वयंपाकघर. एकाच पानावर नाना फॉन्ट, लाल-निळी अक्षरं, टेबलात टेबल. सगळ्या कंपनीतल्या दशरथकाकांनी लिहिलेल्या. काका निवृत्त झालेत, पण अधूनमधून येतात. त्यांची एक तऱ्हा आहे: आधी चुकीची पद्धत लिहायची आणि तिच्यावर आडवी रेघ मारायची. पोरं कुठे चुकतात ते पोरांना दिसायला हवं म्हणे. अहो, खोडायचं तर पुसूनच टाकावं ना! चढवण्याआधी पान मला दाखवा, असं त्यांनी बजावलं होतं. पण ते ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्यात माझी दुपार गेली असती. सगळं निवडलं आणि फॉरमॅटिंग काढायचं बटण दाबलं. रंग गेले, रेघा गेल्या, पानं लख्ख झाली. आमचे साहेब योगेश सर, त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

गुरुवार, १४ जून
मार्केट यार्डातून उत्तरेश्वर नावाच्या ऑपरेटरचा फोन आला. बार्शीकडचा, नवाच लागलाय. म्हणाला, गॅस बंद केल्यावर लगेच आत जाऊन केळी बघा असं पानावर लिहिलंय, पण काका तर आधी पंखा लावून हवा बदलू द्या म्हणायचे. मी डबा खात होते. लिहिलंय तसं करा, म्हणून सांगितलं. बरं ताई, म्हणाला.

शुक्रवार, १५ जून
उत्तरेश्वर वारला. खोलीत गॅस साचलेला होता. दाराशीच सापडला.
जुनी फाइल उघडली. लगेच आत जावे, या ओळीवर रेघ आहे. जाड, लाल. माझ्या पानावर तीच पहिली पायरी झाली आहे. मी पान गुपचूप दुरुस्त केलं. माझी मलाच किळस आली.

मंगळवार, १९ जून
पानाखाली लेखक म्हणून काकांचं नाव आहे. सरांनी त्यांना बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. मी असं लिहिणार नाही, एवढंच ते म्हणत राहिले. मग म्हणाले, लिहिलंही असेल, वय झालं. मी समोरच बसले होते. तोंड उघडलं नाही. चहा आला, तो मात्र मी प्यायले.

गुरुवार, २१ जून
डब्याच्या वेळेला फोन. उत्तरेश्वरचाच आवाज. ताई, केळी बघितली, आता पुढं काय करू? मी फोन आपटला. मग कळलं की ती लाइन सकाळपासून बंदच आहे.

शुक्रवार, २२ जून
पुन्हा आला. चिडत नाही. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. नुसतं विचारतो — ताई, पुढची पायरी दिसंना. हेडफोनला पिकल्या केळ्यांचा वास —

सोमवार, २५ जून
सरांनी काकांना ऑफिसात यायची बंदी केली. आज सांगणारच होते. सरांच्या केबिनपर्यंत गेले. त्यांनी वर पाहिलं, आणि मी रजेचं विचारलं. थू माझ्यावर.

मंगळवार, २६ जून
रजा. खोलीतच आहे. आता मोबाइलवरही तोच.
सांगून टाकलं त्याला — चूक काकांची नाही, रेघ मी घालवली, तुम्ही आत जायला नको होतं. मेलेल्याला सांगणं सोपं गेलं. जिवंत माणसासमोर जीभ उचलली नाही.
तसं व्हय, म्हणाला. मग आता काय करू?
मी रडत म्हणाले, बाहेर या. आधी बाहेर या.
बरं ताई, म्हणाला.

जिन्यात पावलं. कौशल्याबाई बाहेरून विचारतायत, खोलीत केळ्यांची वखार काढलीत का —
आता त्या बोलत नाहीत.
वास दाराखालून — खिडकी उघडत नाही — श्वास पुरत —
काकांचं नाव तरी — सरांना — इथेच लिहिते, कुणाला तरी सापडेल —
सर, ते पान मी