डावीकडून उघडलेलं पुस्तक

४ नोव्हेंबर
आली बाई एकदाची नांदुऱ्याले! सुरतची कोंदट खोली सुटली. आमच्या ह्यांचं अन् दिराचं मिळून रद्दीचं दुकान, मागं घर. माझं काम रद्दीतून पुस्तकं वेगळी काढायची. मस्त काम हाय. जाऊ करिष्मा गोड वाटली, सातवा महिना चालू हाय तिले. माझ्या लग्नाले नऊ वर्षं झाली, अजून काही नाही. सासूबाईनं ते आल्या आल्याच शेजारच्या जनकाबाईले सांगून टाकलं.

७ नोव्हेंबर
खामगावच्या एका जनावरांच्या डॉक्टरची रद्दी आली. त्यात एक जुनं जाड जपानी पुस्तक, जनावरं लेकरं कशी करतात त्याचे फोटो. पहिलं पान उघडलं तर माकडीण पिल्लू कवटाळून. मग बाळंत होताना. मग फुगलेलं पोट, ते पानापानाले लहान. मग लाजेचं एक पान. मग बर्फात एकटी. अन् शेवटी नुसता बर्फ, माकडीणच नाही. असं उलटं काऊन? हे हसले. म्हणाले, जपानी पुस्तक उजवीकडून उघडते, तू मागून पाहून राह्यली.

१२ नोव्हेंबर
आज करिष्माची ओटी भरली. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली, तर सासूबाईनं हातातून काढून घेतलं अन् म्हणाल्या, तू चुलीकडं पाह्य. करिष्मा खाली पाहून हसली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. हो, जळते मी! तिच्या पोटावर, हिरव्या साडीवर, ओकाऱ्यांवरबी. दुकानात जाऊन बसली अन् तिचं नाव घेत घेत डावीकडून पानं उलटली. तीन.

१४ नोव्हेंबर
करिष्माची साडी घसरते. नर्सबाई म्हणाल्या, चौथाच महिना हाय, तुम्ही मोजायले चुकल्या. मी आणखी तीन पानं उलटली. बर्फातल्या एकटीपाशी थांबली.

१७ नोव्हेंबर
पोट सपाट. रक्त नाही, दुखणं नाही. डॉक्टर म्हणतात दिवस गेलेच नव्हते. करिष्मा रडत नाही. माझ्याकडं पाहते, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं.
ती गेल्यावर मी पुस्तक फिरवलं. उजवीकडून उघडलं. आपलं नाव घेत फुगलेल्या पोटापर्यंत पानं उलटली. दाराआड बांगड्या वाजल्या.

२७ नोव्हेंबर
सातवा महिना! दहा दिवसांत! दृष्ट लागू नये म्हणून लपवलं होतं, असं सासूबाई सगळ्यांले सांगून राह्यल्या. लेकरू आतमधी फिरते. माझं. माझं लेकरू. पुस्तक गठ्ठ्याखाली दाबलं. उद्या ओटी.

२८ नोव्हेंबर, दुपार
ओटी भरली. करिष्मा आली नाही. सासूबाई म्हणाल्या, तुले आता आराम, तुझं रद्दीचं काम तिनं मागून घेतलं —
उठली तर निऱ्या सुटल्या. साडी सैल —

दारातून दुकान दिसते. तिच्या मांडीवर पुस्तक. डावीकडून उघडलेलं. बोटाले थुंकी लावते. ओठ हलतात. माझं नाव —

फिरणं थांबलं. लेकरू फिरत नाही —

ओरडली मी. उजवीकडून, करिष्मा, उजवीकडून! तिनं वर पाह्यलं. हसली.

पोट सपाट. एवढ्यात.

पाय उचलत नाहीत. गार पडले. माकडीण एकटी, त्याच्या पुढं फक्त बर्फाचं पान. ते मी तिच्यासाठी उलटलं नव्हतं. तेवढी वाईट मी नाही, करिष्मा, तेवढी —

ती पुन्हा बोटाले थुंकी ला