जाळीचा शेवटचा थर

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

चि. मनीस,

आईचे भरघोस आशीर्वाद, जावईबापूंनाही पोचव. मी बरी आहे, गुडघाही बरा आहे. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इथे तुला मधेच तोडता येणार नाही.

"आई, खोली तयार आहे, कायमची कधी येतेस?" हे तुझं पत्र केव्हाच पोचलं. भिंतींचा फोटोही पाहिला. रंग छान आहे. उत्तर देतेच, पण आधी बाबांच्या त्या पोवळ्यांच्या काचेच्या टाकीचं ऐक.

बाबा गेले आणि पाठोपाठ टाकीवरचा त्यांचा मोठा दिवाही गेला. मी ट्यूबलाइटवर भागवत होते. पोवळी जगली, पण भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी तपकिरी झाली. पोवळ्यांचं निम्मं जेवण उजेडच, असं बाबा सारखे सांगायचे आणि मी "हो हो" म्हणत सुईत दोरा ओवायचे. शेवटी राहवेना, तेव्हा बाबा टाकीचं सामान जिथून आणायचे त्या मासेवाल्याकडे गेले.

तो म्हणाला, "काकू, एलईडी घ्या. वीज कमी, फार तापत नाही, आणि उद्या घर बदललंत तर काखोटीला मारून न्याल."

तू त्याला फितवलंस की काय, असं मला क्षणभर वाटलं. मी म्हटलं, "काका वापरायचे तसला मेटल हॅलाइड दिवा दाखवा."

"तो भट्टीसारखा तापतो. जड असतो. छताला हूक मारून टांगायला लागतो."

"दाखवा तर खरं."

दुकानातल्या उजेडात मी जन्मात कधी कापड पसंत केलं नाही, हे तुला माहीत आहे. दारात, उन्हात नेऊन बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पर्समध्ये एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची मोहरी रंगाची चिंधी होती, ती एकेका दिव्याखाली धरली. या दिव्यांच्या रंगाला आकडे असतात. वीस हजारवाला निळा, दहा हजारवाला पांढरा. (मी आधी तो भाव समजून परत निघाले होते.) निळ्याखाली माझी चिंधी शेवाळलेली दिसली, पांढऱ्याखाली होती तशी. पांढरा घेतला. मासेवाला आधी हसला, मग म्हणाला, "काकांचाही हाच आकडा होता." मला ते ठाऊक नव्हतं, पण बरं वाटलं.

वायरमननं हूक मारला, दिवा टांगला. हा दिवा बटण दाबल्याबरोबर उजळत नाही. आधी मिणमिणतो, मग सावकाश वर येतो. वर आला आणि समोरच्या भिंतीवर कवडसे नाचायला लागले, मने. ट्यूबलाइटखाली ते कधी पडलेच नव्हते. बाबा त्यांच्याकडे बघत चहा गार करायचे, तेच. मी रडले. मग चहा केला आणि तोही गार केला.

आनंदाच्या भरात मी दिवा दिवसभर चालू ठेवला, दुसऱ्या दिवशीही. आणि कडेचं जांभळं पोवळं पांढरंफटक पडायला लागलं. धावत दुकान गाठलं.

"अहो काकू," मासेवाल्यानं कपाळाला हात लावला, "इतके महिने अंधारात राहिलेल्यांना एकदम भर उन्हात काढलंत. दिवा वर घ्या. हळूहळू सवय लावा."

वर कसा घेणार, साखळी आखूड. घरी आले, ओढण्यांसाठी आणलेली पांढरी जाळी काढली आणि तिचे तुकडे थरावर थर चौकटीत ताणून बसवले. दिव्यापासून लांब, टाकीच्या काठावर चौकट ठेवली. मग दर रविवारी एक थर उसवत गेले. आज सकाळी शेवटचा काढला. जांभळं पुन्हा जांभळं झालंय आणि टोकाला नवी वाढ दिसतेय, नखाएवढी. मासेवाल्याला बोलावून दाखवली.

आता तुझं उत्तर. एकदम सांगितलं असतं तर तूही पांढरीफटक पडली असतीस, म्हणून इतके थर लावले. हा शेवटचा काढते. मी तिकडे राहायला येणार नाही.

माया कमी म्हणून नाही. तू बोलावलंस, त्यानंच मी आठवडाभर हवेत होते. पण बाबा गेल्यापासून मी या घरात नुसती दिवस काढत होते, आणि आता सकाळी दिवा उजळायची वाट बघते. हूक मारून घेताना मला माहीत होतं की मी कशाला हो म्हणतेय. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

रागाव. आईवर रागावतात तेवढंच रागाव. त्या खोलीला आईची खोली म्हणू नकोस, पाहुण्यांची म्हण. पहिली पाहुणी मीच येते, मशीनवरची कामं हातावेगळी झाली की. टाकीकडे बघायला मासेवाला कबूल झालाय. तुझ्या पडद्यांची मापं तेवढी कळव.

तुझी, आणि अजून या घराचीही,
आई