लोरीनकाकूंच्या मागावरची हळद

२७ सप्टें., शनि.
अल्फारेटाच्या घरून डोंगरात, मला विणकाम शिकवणाऱ्या लोरीनकाकूंकडे. (काकू मनातच म्हणते. तोंडावर नुसतं लोरीन, इथल्या पद्धतीने.) खुब्याच्या ऑपरेशनपासून त्या लेकीकडे राहतायत. नातीच्या लग्नाची चादर मागावर अर्धवट, पांढऱ्या सुतावर निळी लोकर. घरातल्या प्रत्येक मुलीला त्यांच्या हातची एक. ही शेवटची. पायाने पेडल दाबवत नाही, म्हणून मला त्यांच्या रिकाम्या घराची किल्ली दिली. ‘माझ्याकडे शिकलीस ना? मग तूच पुरी कर.’ लग्न ऑक्टोबरअखेर.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सुट्टी टाकली. मंदार, ईरा, बापलेक पण आले. घरी लॅपटॉपची पूजा करते, मग मागाची नको? धोट्याला हात लावायच्या आधी लाकडाला हळदकुंकू लावायला गेले आणि हळदीची वाटी कलंडली. थेट विणलेल्या पांढऱ्यावर!!
ईरा : ‘ओ माय गॉड आई, दॅट्स हर वेडिंग गिफ्ट!’
मी टिपकागद शोधतेय तोवर मंदारने ओला साबण चोळला. हळदीवर साबण! डाग लालभडक. ‘अगं, मी हेल्प करत होतो यार.’ कडाक्याचं भांडण. काकूंना फोन केला नाही. भित्री आहे मी.

४ ऑक्टो., शनि.
पाण्याने टिपून टिपून लाल गेला, पिवळा राहिला. उन्हात हळद उडते, आईच्या साड्या तशाच वाचायच्या. माग खिडकीशी ओढला. तर दिवसभर धुकं. मेलं धुकं!
उसवावं, तर डाग काकूंनी विणलेल्या भागावर. त्यांचं विणलेलं उसवून माझं घालायचं? मग ती चादर कुणाच्या हातची?
शेवटी फोन केला. सगळं सांगितलं, रडले पण. काकू एवढंच म्हणाल्या, ‘उद्या मला तिकडे घेऊन चल.’

५ ऑक्टो., रवि.
काकू वॉकर टेकत आत आल्या. डागावरून बोटं फिरवली, बराच वेळ.
‘मागावर पूड कशाला आणलीस?’
‘आमच्यात बुधवारच्या सणाला ज्याच्यावर काम करतो त्याला नमस्कार करतात. लावायची होती, सांडली.’
काकूंनी टेबलावरची किल्ली उचलून कोटाच्या खिशात टाकली.
लेकीच्या दारात सोडलं तेव्हा म्हणाल्या, ‘शनिवारी ये. ती पिवळी पूड घेऊन ये.’
‘कशाला?’
‘तुझा नमस्कार राहिलाय ना? आधी तो, मग विणकाम,’ म्हणत वॉकर सरळ करून आत गेल्या. किल्ली मागायचा धीर झाला नाही.